त्याच्या नावाची मूठ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जळगावात पिठाच्या चक्कीच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आणि जिन्यापाशी पाटी लावली, ‘समुपदेशन केंद्र’. शब्द मला फार आवडायचा. भारदस्त होता, पुण्याहून आणलेला होता, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळेल असं मी धरून चालले होते. लोकांना त्यातला ‘उपदेश’ तेवढा कळला.

पहिल्याच आठवड्यात एक टोपीवाले आजोबा जिना चढून आले. धाप लागली होती. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘महाराज कधी येतात?’

‘महाराज नाहीत. मीच आहे.’

त्यांनी मला चपलेपासून केसांपर्यंत पाहून घेतलं. ‘बाया बी उपदेश देतात आता?’ मग जरा सावरून, कुतूहलाने विचारलं, ‘कोन्त्या पंथाच्या तुम्ही?’

हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या खानदेशात पंथाचा उपदेश घेणं ही मोठी गोष्ट. घरातल्या एखाद्याने उपदेश घेतला की त्याचं मटण सुटतं, दारू सुटते, कधी कधी भावाच्या घरचं पाणीसुद्धा सुटतं. आजोबांना त्यांच्या मुलाची दारू सोडवायची होती. माझा उपदेश कडक आहे की हलका, एवढीच त्यांची चौकशी होती. मी त्यांना समजावून सांगितलं की मी उपदेश देत नाही, मी ऐकते, प्रश्न विचारते, मग दोघं मिळून वाट शोधतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हंजे सुई नही, गोळी नही, अंगारा नही, उपदेश बी नही. मंग पाटी कशाची लावेल हाये?’

मला राग आला होता. पण प्रश्न चोख होता, हे ते जिना उतरेपर्यंत मलाही कळलं.

‘तुम्ही कोणत्या पंथाच्या?’ हा प्रश्न मला नवा नव्हता, हीच त्यातली गंमत. पुण्याला शिकत असताना आमच्या विभागात तीन प्राध्यापक होते आणि तिघांचे तीन पंथ होते. एक म्हणायचे, सगळं बालपणात आहे, तिथे खणा. दुसरे म्हणायचे, बालपण राहू द्या, सवय बदला, माणूस बदलतो. तिसऱ्या बाई म्हणायच्या, काही करू नका, मनापासून ऐका, माणूस आपोआप सरळ होतो. मला तिघांचंही पटायचं, त्यामुळे तिघांनाही मी पटत नसे. पुढे वाचनात एक शब्द सापडला, ‘एकात्मिक दृष्टिकोन’. समोरच्या माणसाला जे लागेल ते ज्या पंथात मिळेल त्यातून घ्यायचं, पण का घेतो आहोत हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. मुलाखतीत हा शब्द उच्चारला की समोरचे गृहस्थ गंभीरपणे मान डोलवायचे, म्हणजे त्यांना कळलेलं नसायचं. मला तरी कुठे नीट कळला होता? तो कळला असोद्याच्या आबा आणि अक्कांमुळे.

असोदा जळगावला लागूनच आहे. आबा केळीचे बागायतदार. पांढरंशुभ्र धोतर, आवाज विहिरीवरून शेताच्या टोकाला पोहोचेल असा. खालची चक्की घरघरत असताना त्यांना आवाज चढवावा लागत नसे, एवढं सांगितलं की पुरे. त्यांच्या मागून अक्का आल्या, त्यांच्या बायको. उन्हाने करपलेल्या, बारीक, डोक्यावरचा पदर दाताखाली धरलेल्या. खुर्ची दाखवली तरी भिंतीला टेकून खालीच बसल्या. मग मीही खाली बसले. आबा एकटेच खुर्चीवर राहिले आणि थोडे अवघडले.

‘हिले उपदेश करा,’ आबा म्हणाले. ‘पोरगं घरातून निंघून गेलं. दोन सालापासून ही त्याचं ताट वाढू राह्यली. दोन्ही टाइम. वाढते, पाट मांडते, बसून राह्यते. ते गार झालेलं अन्न गायीले घालते, अन् मंग उरलंसुरलं खाते. कव्हा खातबी नही. लोकं येडी म्हनतात. तुम्ही सांगा तिले, ताट वाढनं बंद कर म्हना.’

थोरला मुलगा. त्याला शेती नको होती. जळगावात मोटारी भरून देण्याचं दुकान टाकायचं होतं, विहिरीवरच्या विजेच्या मोटारींची जळालेली वायंडिंग पुन्हा भरायचं. आबा मजुरांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले आणि शेवटी म्हणाले, तोंड दाखवू नको. पोराने ते शब्दशः घेतलं. कुणीतरी सांगितलं की सुरतेला साड्यांच्या रंगाईच्या कारखान्यात दिसला. मग खोली बदलली आणि दिसेनासा झाला. घरात आता धाकटा मुलगा, सून आणि एक नातू. आणि दोन्ही वेळचं ते ताट.

मी अक्कांना पुस्तकात सांगितल्यासारखं विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. खानदेशात ‘काय वाटतं’ असं बाईमाणसाला कुणी विचारत नाही. तिला काय वाटतं यावर काही अडत नाही, म्हणून. मी धुळ्याची. आमच्या घरी अहिराणी. माझी माय, कुणी खूप दिवसांनी भेटलं की विचारायची, ‘जीव कसा शे?’ मला ते आठवलं आणि मी म्हटलं, ‘अक्का, जीव कसा आहे?’

‘जीव थाऱ्यावर नही बाई,’ त्या म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ लावलेलाच ठेवला.

तिसऱ्या पंथाच्या बाई खूश झाल्या असत्या. पण त्या बाईंनी अक्कांच्या डोळ्यांखालचा पांढुरकेपणा पाहिला नव्हता. मी त्यांना आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, सगळं सुरू झालं. आबा खूश, शेवटी गोळी मिळाली म्हणून. मग मी दुसऱ्या पंथाकडे वळले, सवयीच्या. ताट बंद करा असं म्हणायचंच नाही, हे मी ठरवलं होतं. म्हटलं, ‘अक्का, ताट वाढा. फक्त आधी तुम्ही जेवा, मग त्याचं वाढा. तो आला आणि तुम्ही आडव्या पडलेल्या दिसल्या तर त्याला काय वाटेल?’ हे त्यांना पटलं. माझ्या प्रत्येक बोलण्याला त्या शाळेतल्या मुलीसारखी मान हलवायच्या आणि घरी जाऊन तसंच करायच्या. असोद्याच्या बसने दर बाजाराच्या दिवशी यायच्या. गालांवर रंग आला, पावलं जमिनीवर नीट पडू लागली. एकदा मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आल्या. त्या भरताची चव सांगायला बसले तर हा लेख तिकडेच जाईल.

ताट मात्र तसंच. आबा एक दिवस वैतागून म्हणाले, ‘बाई, तब्येत झाली, पन येडेपना नही गेला.’ त्यांचं चुकत नव्हतं. अन्न पोटात गेलं होतं, जीव थाऱ्यावर आला नव्हता. मी बालपणसुद्धा खणून पाहिलं. अक्कांचं बालपण पहूरला गेलं होतं, चांगलं गेलं होतं. त्यात मला काही सापडलं नाही. माझी पोतडी रिकामी झाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

मग श्रावण लागला.

श्रावणात आमच्याकडे कानबाई येते. नारळाची देवी, रविवारी बसते, सोमवारी नदीला जाते. त्या वेळी घरोघरी रोट करतात, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या. रोटाचे गहू दळायला घ्यायची एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घ्यायची. कुणाकडे सव्वा मूठ, कुणाकडे पाच, ज्याची त्याची परंपरा. मुठी घेताना नाव घेतात. ते सगळे गहू एकत्र दळायचे आणि त्याचे रोट घरातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, शिल्लक ठेवायचे नाहीत. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर. ज्यांचे रोट एक ते एका घरचे. भाऊ वेगळे झाले, शेतं वाटली, चुली वाटल्या तरी कित्येक घरी रोट एकत्र असतात, आणि रोट वेगळे झाले की समजायचं, आता खरोखर तुटलं.

त्या दिवसांत माझ्या खोलीखालच्या चक्कीवर बायांची रांग लागायची. चक्की आधी धुऊन घ्यायची, मग रोटाचे गहू. त्या दिवशी आबाही बरोबर होते. अक्का वर येताना ती रांग ओलांडून आल्या आणि जरा वेगळ्याच दिसल्या. मी सहज, दोन बायका बोलतात तसं विचारलं, ‘तुमच्याकडे किती मुठी असतात?’

अक्कांनी खुर्चीवर बसलेल्या आबांच्या पायांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘एक कमी घेतात आता.’

मी पेन खाली ठेवलं. दोन वर्षं लोक त्या ताटाकडे पाहत होते, मी पण पाहत होते, आणि ते ताट कशाचं उत्तर होतं हे कुणी विचारलं नव्हतं. एकेक शब्द काढत कळलं, पोरगा गेला त्या श्रावणात आबांनी सुनेला सांगितलं होतं, त्याची मूठ घेऊ नका. कानबाईसमोर, नाव गाळून, त्याला घरातून वगळलं होतं. अक्का नवऱ्यासमोर काय बोलणार? त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ताट वाढायला सुरुवात केली. कानबाईने नाही मोजला तर मी मोजीन, असं त्यांच्या मनात असावं.

आता माझं सांगते. मी त्या क्षणी भडकले. कारण मुठीचं दुखणं माझं स्वतःचंही होतं. लहान असताना धुळ्याला आमच्या ओट्यावर मुठी चालल्या होत्या. आजोबा, वडील, काका, भाऊ, अगदी पाळण्यातला चुलतभाऊ, बठ्ठ्यांची मूठ झाली. मी हात पुढे करून माझी मूठ मागितली, ‘माय, मनी मूठ?’ माय म्हणाली, ‘पोरीसनी मूठ लेतस नही. गप बठ.’ मी गप्प बसले, पण त्या वर्षी रोट खाल्ले नाहीत. पोटात दुखतंय असं सांगितलं. ते पोट अजून अधूनमधून दुखतं. म्हणून त्या दुपारी आबांना द्यायला माझ्याजवळ उपदेश तयार होता, चांगला कडक, त्या टोपीवाल्या आजोबांना हवा होता तसा.

पुण्याच्या तिन्ही पंथांचं एका गोष्टीवर एकमत होतं. आपलं दुखणं आपल्या खुर्चीत ठेवायचं, समोरच्याच्या मांडीवर द्यायचं नाही. मी तांब्यातलं पाणी प्यायले. मग विचारलं, ‘आबा, मूठ का नाही घेत?’

‘घरात नही त्याची कशाले घ्यायाची?’ आबा म्हणाले. उत्तर पाठ केल्यासारखं आलं.

तेवढ्यात वीज गेली. खालची चक्की घरघरत घरघरत थांबली, पंखा थांबला, आणि खोलीत कधी नव्हे अशी शांतता झाली. आबांचा आवाज या शांततेत मोठा वाटला असता. बहुधा म्हणून ते बोलेनात. धोतराची कड बोटांनी चुरगळत राहिले. खालच्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मी वाट पाहिली. या धंद्यात मला जर काही येत असेल तर वाट पाहता येते, तीही मुश्किलीने.

‘मूठ घेतली,’ आबा शेवटी म्हणाले, ‘रोट झाले, बठ्ठे जेवाले बसले, अन् त्याच्या वाट्याचं तसंच राह्यलं तं? रोट उरू देता येत नही बाई. कोन खाईन ते? उरलं म्हंजे मंग...’

ज्याच्या वाट्याचे रोट उरले तो माणूस जगात उरला नाही असं धरतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग ते माझ्याकडे न पाहता बोलत गेले. ‘सुरतेले मी जाऊन आलो. दोनदा. रावेरले केळीच्या कामाले चाललो असं घरी सांगितलं व्हतं. कारखान्याच्या गेटापाशी उभा राह्यलो, पाळी सुटेपर्यंत. बठ्ठे पोरं रंगानं भरेल, एकसारखे दिसतात. एकबी माह्यावाला नही निंघाला.’

अक्कांच्या दातांतून पदर सुटला. त्या भिंतीपासून सरकल्या आणि आबांच्या खुर्चीजवळ येऊन बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं असेल. ‘सुरतेले गेले व्हते तुम्ही?’ त्या म्हणाल्या. ‘मले न्यायाचं व्हतं. मी वळखला असता.’

आबा रडले. धोतराच्या सोग्याने तोंड झाकून, आवाज न करता. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतके दिवस ज्याला मी अडसर समजत होते तो माझा दुसरा पेशंट होता. एकाच दुःखाच्या दोन रीती होत्या. बाई रोज ताट वाढून म्हणत होती, तो आहे. बाप मूठ न घेता म्हणत होता, तो नसल्याचं मला कळू देऊ नका. आणि दोघं एकाच घरात, एकमेकांना वेडं समजत होते.

एकात्मिक दृष्टिकोन म्हणजे निरनिराळ्या पंथांतलं थोडं थोडं, असं मी तोपर्यंत समजत होते. त्या दिवशी कळलं की गोळी, सवय, ऐकणं, घरची रीत हे सगळं एकाच माणसाकडे, नव्हे, एकाच घराकडे बघण्याचे दरवाजे आहेत, आणि कुठला उघडा आहे ते आत राहणाऱ्यांनाच विचारावं लागतं. इथे तो दरवाजा कानबाईने उघडला. हे पुस्तकात नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं.

मी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, ‘त्याच्या वाट्याचे रोट तो येईपर्यंत घरातल्या कुणी खाल्ले तर कानबाईला चालेल का?’

आबांनी अक्कांकडे पाहिलं. देवाधर्माचं अक्कांच्या हाती. अक्कांनी विचार केला, खरोखर केला, घाईने नाही. ‘बापानं खाल्लं तं चालतं,’ त्या म्हणाल्या. असा नियम कुठे आहे की त्यांनी तिथल्या तिथे केला, मला माहीत नाही. खाली वीज आली, चक्की सुरू झाली आणि पुढचं सगळं ओरडून बोलावं लागलं.

तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात परत आला. गावातल्या एका ड्रायव्हरने त्याला नवापूरच्या नाक्यावर ओळखलं आणि घरी काय चाललंय ते सांगितलं. तो आला, जळगावात मोटारी भरण्याचं दुकान टाकलं, आणि दुकानाच्या उद्घाटनाला मला बोलावलं. तोवर अक्कांचं ताट वाढणं आपोआप कमी होत होत सणावारापुरतं राहिलं होतं. मी ते बंद करायला कधीच सांगितलं नाही. माझ्या पाटीखाली मात्र मी बारीक अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘येथे उपदेश केला जात नाही’. रंगवणारा म्हणाला, बाई, मग लोक येतील कशाला? लोक येत राहिले.

पण मला मुलाच्या परतण्यापेक्षा त्याच्या आधीचा, त्या श्रावणातलाच एक दिवस जास्त आठवतो. कानबाई नदीला गेल्यानंतर दोन-चार दिवसांनी आबा एकटेच आले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली केळीची फणी. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि जरा ओशाळून म्हणाले, ‘रोट आनता येत नही तुमच्यासाठी. घराबाहेर देत नही. म्हनून हे.’

मी म्हटलं, मला माहीत आहे, मी धुळ्याची. घरी आई अजून मुठी घेते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेते, आणि गेल्या दोन वर्षांपासून माझीही घेते, भांडून घ्यायला लावली आहे. आबांनी भुवया उंचावल्या. मग म्हणाले, ‘उपदेश चांगला केला तुम्ही.’ मी वाद घातला नाही.

ते खुर्चीवर न बसता खाली, अक्का बसायच्या त्या जागी, भिंतीला टेकून बसले.

‘यंदा त्याची मूठ सुनेनं नही घेतली,’ ते म्हणाले. ‘मी घेतली. माह्या हातानं. नाव घेतलं.’ त्यांनी उजवा हात वर करून मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. ‘जरा मोठीच घेतली बाई. तिकडे सुरतेले त्याले कोन वाढत असीन?’